न्हाणीच्या तळाखाली काय घालायचं?

आज आम्ही तिघीजणी बोलायला आलोय. एकीनं बोलायचं ठरलं होतं, पण एकीला सगळं आठवत नाही, म्हणून तिघी. विषय साधा आहे, जरा हसण्यासारखाही वाटेल. तयार न्हाणी मिळते ना दुकानात, फायबरची, एकसंध, मध्ये किंवा कोपऱ्यात पाणी जायला भोक असलेली, तिच्या खाली काय घालायचं? दुकानदार तिला शॉवर ट्रे म्हणतात. आमच्या गटात तिचं नाव पडलं 'परात'. आम्हीही आज परातच म्हणणार.

आमचं गाव निफाड तालुक्यातलं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, आमच्याकडे थंडी फार. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा उतरला की पेपरात बातमी येते आणि आमचे द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. त्या थंडीत पहाटे साडेचारला, घरामागच्या दगडावर, साडीच्या आडोशानं अंघोळ करायची म्हणजे काय, ते ऐकणाऱ्या बायांना वेगळं सांगायला नको. पुरुष उठायच्या आत उरकायचं, अंगावरचं पातळ तसंच ठेवून वरून पाणी ओतायचं. पूर्ण स्वच्छ अंघोळ कधी होतच नाही. पाळीच्या दिवसांत तर बोलायलाच नको.

2014 सालापासून स्वच्छ भारतमध्ये संडास झाले, 12 हजारांचं अनुदान मिळालं. 2019 नंतर जलजीवनची पाइपलाइन आली, बऱ्याच घरांत नळ आले. पण न्हाणी कुणी दिली नाही. संडास आहे, नळ आहे, आणि बाई मात्र अजून दगडावर. मग आमच्या बचत गटात आठजणींनी अंतर्गत कर्ज उचललं आणि ठरवलं की यंदा न्हाणी करायचीच.

आता परातच का? कोबा करून फरशी बसवली असती तर चाललं नसतं का? चाललं असतं. पण आमच्याकडे ऑक्टोबरात छाटणी सुरू झाली की उन्हाळ्यात बाग खाली होईपर्यंत माणूस मिळत नाही. गवंडी येतो, एक दिवस काम करतो, आठ दिवस गायब. फरशीचं काम नीट करायचं तर चार-पाच दिवस हवेत. परातीला उतार तयार असतो, सांधे नसतात, म्हणजे सांध्यातून पाणी मुरत नाही. धुवायला सोपी, शेवाळ कमी धरते. भिंतीला दोन पत्रे किंवा विटा, वर पत्रा, की न्हाणी तयार. हिशेब बरोबर होता. चूक झाली ती परातीच्या पोटाखाली.

पहिल्या तीन परातींचं काय झालं ते ऐका.

पहिली बसवली नुसत्या वाळूवर. चार कोपऱ्यांना चार विटा आणि मधे वाळू भरून सारखी केली. दिसायला सुरेख. दुसऱ्या घरी मालकांनी घराच्या छताच्या कामातलं उरलेलं पीओपी होतं, ते कालवून त्यावर बसवली. फुकटात काम झालं म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं, आम्हीसुद्धा. तिसरीकडे आलेल्या कारागिरानं फोमचा डबा आणला, भोकातून फुस्स करून खाली मारला आणि म्हणाला, "ताई, शहरात आता सगळे हेच मारतात. अर्ध्या तासात मोकळं."

फोमवाली सगळ्यात आधी बिघडली. दुसऱ्या दिवशी सकाळीच परात एका बाजूनं वर आलेली. फोम मारल्यावर फुगतो, फुगताना जिकडे जागा मिळेल तिकडे ढकलतो. उतार उलटा झाला, पाणी भोकाकडे जायच्या ऐवजी दाराकडे यायला लागलं.

वाळूवाली तीन महिने बरी चालली. मग पाय ठेवला की कर्रर्र असा आवाज यायला लागला. त्या घरात आजी आहेत, पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून अंघोळ करतात. एक दिवस स्टुलाच्या पायाखाली परात तडकली, भोकाच्या अगदी शेजारी. आजींचा पाय त्या चिरेत घासला. फायबरची कड ब्लेडसारखी असते, चांगलं कापलं. टाके घालावे लागले. आजी दवाखान्यातून आल्या त्या म्हणाल्या, "मला नको ती तुमची परात. माझा दगड कुठं गेला?" आणि पुन्हा पहाटे अंधारात, काठी टेकत, मागच्या दगडावर जायला लागल्या. सुनेला किती वाईट वाटलं असेल! कर्जाचे हप्ते चालू, न्हाणी उभी, आणि ज्यांच्यासाठी केली त्या बाहेर.

पीओपीवालीचं तर कळलंच उशिरा. परात फुटली नाही, नुसती जरा डुगडुगायची. पण भोकाजवळचा जोड हलून हलून ढिला झाला, पाणी खाली झिरपत राहिलं आणि पावसाळा संपता संपता पलीकडच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल चढली. गव्हाची कोठी त्याच भिंतीला होती. परात उचलली तर खालचं पीओपी ओल्या खडूसारखं झालेलं. पीओपी म्हणजे जिप्सम. छताला, कोरड्या खोलीला ते ठीक. कायम ओल लागली की ते मऊ पडतं.

इतकं झाल्यावर आम्ही उरलेल्या पाच पराती तशाच गोठ्यात उभ्या करून ठेवल्या आणि बैठक घेतली. काहीजणी म्हणाल्या, मालच हलका. दुकानात परत द्या. पण माल तपासला तर हलका नव्हता. परातीबरोबर एक घडीचा कागद होता, तो आमच्यापैकी कुणीच वाचला नव्हता. इंग्रजीत होता. आमच्यातल्या एकीची मुलगी तंत्रनिकेतनला सिव्हिल शिकते, तिनं वाचून दाखवला. त्यात चित्र काढून लिहिलेलं होतं की तळ सगळीकडून टेकलेला पाहिजे, सिमेंट-वाळूच्या गादीवर.

मुलीनं मग आम्हाला समजावलं, पण तिच्या आधी आमच्यातल्या एका मावशींनीच बरोबर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "अगं, डोक्यावर हंडा ठेवताना चुंबळ कशाला घेतो आपण?" खरंच की. हंड्याचा बूड गोल, डोकं गोल, दोन्ही एका ठिपक्यावर टेकले तर भार त्या ठिपक्यावर येतो, डोकंही दुखतं आणि हंडाही डुलतो. चुंबळ भार पसरवते. परातीला तेच लागतं. चार कोपऱ्यांना टेकू दिला तर मधला तळ पोकळीवर लोंबतो. पाय ठेवला की वाकतो, काढला की वर येतो. रोज शंभर वेळा वाकणारी वस्तू एक दिवस तडकणारच. आणि तडकायच्या आधी भोकाचा जोड ढिला होतो.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. या पराती मुळात ज्या देशांतून आल्या तिथं माणूस उभा राहून वरच्या फवाऱ्याखाली अंघोळ करतो. भार म्हणजे काय, दोन पावलं. आपल्याकडे? स्टूल किंवा पाट, त्यावर माणूस, शेजारी 20 लिटरची बादली म्हणजे 20 किलो पाणी, कधी बंबातून काढलेलं कढत पाणी, वर लेकरू. आणि अंघोळ झाली की तिथंच धुणं. आपण धोपटण्यानं गोधडी बडवतो त्यावर! त्यांच्यापेक्षा आपल्याला खालची गादी जास्त भक्कम हवी, कमी नाही.

मग गादी कशाची? वाळू, पीओपी आणि फोम यांचं सांगून झालं. वाळूचं एवढंच जोडतो की थोडं जरी पाणी खाली गेलं तरी ती सरकते, आणि मुंग्या-घुशी उकरतात ते वेगळं. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल घालू का, असं एकीनं विचारलं होतं. नको. स्टुलाच्या पायाखाली तो दबून खड्डा पडतो आणि उंदरांना घर होतं. प्लायवुडची फळी? अमेरिकेत घरंच लाकडाची असतात, तिथं जमीन फळ्यांची असते, म्हणून चालतं, आणि तिथंसुद्धा फळीवर सिमेंटचा थर देऊनच बसवा असं बरेच कारखाने सांगतात. आपल्याकडे साधी फळी ओलीनं फुगेल नाहीतर वाळवी खाईल. विटांचे तुकडे चालतात, पण ते खालच्या भरावात, परातीला थेट लावायला नाहीत. टोकं टोचतात.

राहिली सिमेंट-वाळू. स्वस्त, गावात मिळणारी, आणि जी बाई चूल लिंपते तिला जमणारी.

पण तिच्याही आधी जमीन. आमच्याकडे काळी माती. उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की हात जातो, पावसात फुगते. तिच्यावर काहीही ठेवा, ते वर्षातून दोनदा हलणार. म्हणून काळी माती आहे तिथं निदान दीड-दोन फूट खणून काढायची आणि मुरूम भरायचा. एकदम नाही. सहा इंच मुरूम, पाणी मारा, धुम्मसानं ठोका, मग पुढचे सहा इंच. आमच्या सिन्नरच्या पाहुण्या म्हणाल्या, आमच्याकडे खणलं की मुरूमच लागतो, आम्हाला एवढं नको. खरं आहे, त्यांनी वरची भुसभुशीत माती काढून ठोकलं तरी पुरे. इगतपुरी-त्र्यंबकच्या बायांचा प्रश्न वेगळा. तिथं पाऊस इतका की पाणी खालून वर येतं. त्यांनी न्हाणीचा ओटा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चांगला फूटभर उंच घ्यावा आणि भोवती चर काढावा. एकाच जिल्ह्यात तीन तऱ्हा, म्हणून शेजारच्या तालुक्यातलं बघून तसंच्या तसं करू नका.

मुरूमावर दगडाचं सोलिंग, त्यावर चार इंच काँक्रीट. प्रमाण एक सिमेंट, चार वाळू, आठ खडी. चार बाय चार फुटाच्या ओट्याला साधारण अर्धी बॅग सिमेंट लागतं. हे काँक्रीट सात दिवस ओलं ठेवायचं. आमच्या गटात हेच काम अवघड गेलं, कारण घरातली माणसं म्हणतात, वाळलं की, बसवा आता. आम्ही गोणपाट टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी मारायच्या पाळ्या लावल्या. काँक्रीट करायच्या आधी पाइप आणि ट्रॅप जागेवर पाहिजे, नाहीतर मागून फोडाफोडी. ट्रॅप मागताना दुकानात 'नहाणी ट्रॅप' म्हणा. आपल्याच न्हाणीचं नाव दुकानदारांनी ठेवलंय. त्यात दोन इंच पाणी कायम उभं राहतं, म्हणून गटारीचा वास आणि झुरळं वर येत नाहीत.

आता गादी. एक घमेलं सिमेंट, पाच घमेली वाळू. गोदावरीची, कादवेची वाळू आता सहज मिळत नाही, क्रश सँड मिळते. ती चालते, मात्र चाळून घ्या, भुकटी जास्त असेल तर पुढे भेगा पडतात. पाणी बेतानं. किती? मूठ वळली तर रव्याच्या लाडवासारखा गोळा बसावा, आणि बोटांतून पाणी सुटू नये. पातळ केलं तर वाळताना आक्रसतं आणि पुन्हा पोकळी होते. हातात मोजे घाला. आम्ही पहिल्या दिवशी बांगड्या सारून उघड्या हातानं कालवलं आणि दोघींच्या बोटांची सालं निघाली. सिमेंट भाजतं.

तीन बाय तीन फुटाच्या परातीला दीड इंच थर म्हटला तर दहा किलोच्या आसपास सिमेंट लागतं, म्हणजे 50 किलोच्या बॅगेचा पाचवा हिस्सा. सांडलंवांडलं धरून एका बॅगेत चार घरं होतात. म्हणून आम्ही चार घरांचं काम लागोपाठ दोन दिवसांत घेतलं. फोडलेली बॅग ठेवून दिली की खडे होतात, आणि खडे झालेलं सिमेंट कुस्करून वापरायचं नाही, कितीही जीव तुटला तरी.

परात आधी कोरडी ठेवून बघायची. भोक ट्रॅपवर बरोबर येतंय का, कड चारी बाजूंनी पाणसळीत आहे का. उतार परातीच्या आतच असतो, कड सपाटच हवी. गवंडी सवयीनं सगळी परात भोकाकडे कलती करतात, ते करू देऊ नका. मग परात उचलून माल पसरायचा, सगळीकडे, कडेपासून कडेपर्यंत, फक्त ट्रॅपभोवती वीतभर जागा मोकळी, म्हणजे जोडात माल जात नाही. खाली पट्ट्या किंवा पाय असलेली परात असेल तर त्या पट्ट्यांमधली पोकळी आधी भरून घ्यायची. कागदात प्लास्टिक अंथरायला सांगितलं असेल तर मालावर तेही अंथरा. मग दोघींनी धरून सरळ खाली ठेवायची आणि तळव्यांनी दाबत जायचं, मधून कडेकडे. पाणसळ पुन्हा लावा. मग आत चार बादल्या भरून ठेवा, भार सारखा पसरेल अशा, आणि दोन दिवस कुणालाही पाय ठेवू देऊ नका. लहान मुलांवर पहारा ठेवावा लागतो, नवी वस्तू दिसली की उडी मारतातच.

दोन दिवसांनी बादल्या काढून बोटाच्या पेरानं वाजवून बघा. मडकं घेताना वाजवतो तसं. भरीव असेल तिथं आवाज बसका, दाबलेला येतो. ढबढब पोकळ आला तर तिथं माल पोचलेला नाही. एवढ्याशा जागेवर असेल आणि दाबून हलत नसेल तर हरकत नाही. तळव्याएवढी पोकळी भोकाजवळ असेल तर मात्र मन घट्ट करून परात उचला. माल ओला असतो तोवर सोपं, नंतर फोडावं लागतं. आमची चौथी परात आम्ही अशीच उचलली. गवंडीदादा चिडले. म्हणाले, "बायकांच्या हाताखाली काम करायचं म्हणजे..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. खालून बघितलं तर कोपऱ्यात खरंच माल नव्हता. मग तेच गप्प बसून माल भरायला लागले. पाचव्या परातीला त्यांनीच आधी वाजवून बघितली, हे आम्ही लक्षात ठेवलंय.

फरशी लावणाऱ्यांनीही हे ऐकावं. शहाबादी असो नाहीतर टाइल, पाच ठिपके माल ठेवून फरशी बसवली की खाली पोकळी राहते आणि तीही एक दिवस बादलीखाली तडकते. नियम एकच आहे.

सांडपाण्याचं थोडक्यात. काळ्या मातीत शोषखड्डा लवकर तुंबतो. आम्ही पाणी परसबागेत केळी आणि अळूला काढलं. भिंतीपासून लांब न्या, आणि हातपंप किंवा विहीर जवळ असेल तर ग्रामपंचायतीला विचारून जागा ठरवा.

खर्चाचं कुणी तरी विचारणारच. परातीची किंमत आम्ही सांगत नाही, ती दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलते. पण खालच्या गादीचा खर्च परातीच्या मानानं किरकोळ आहे. वाया गेलेल्या पहिल्या तिन्हींपैकी दोन पराती आम्ही वाचवल्या. फोमवाली आणि पीओपीवाली खरवडून, धुऊन पुन्हा बसवल्या. तडकलेली मात्र गेली. तिला फायबरचं ठिगळ लावता येतं म्हणतात, पण भोकाच्या कडेला ठिगळ टिकेल याचा भरवसा आम्हाला वाटला नाही, आणि तीही आजींच्या घरात. नव्या परातीचे अर्धे पैसे गटानं घातले. त्यावर बैठकीत वाद झाला. एक म्हणाली, एकीच्या नुकसानीला सगळ्यांनी का भरायचं? दुसरी म्हणाली, वाळूवर बसवताना आपण सगळ्या तिथं चहा पीत उभ्या होतो की. ते खरं होतं. अर्ध्यावर तडजोड झाली.

आजी मात्र नवी परात बसल्यावरही महिनाभर दगडावरच जात होत्या. सून काही बोलली नाही. फक्त रोज बंबातलं गरम पाणी न्हाणीत काढून ठेवायची आणि गार पाणी बाहेर. मार्गशीर्षात थंडी वाढली तशा एका पहाटे आजी आत गेल्या. आता रोज जातात. आत पाऊल टाकायच्या आधी काठीनं चारी कोपरे आणि भोकाजवळ ठोकून बघतात, आवाज ऐकतात, आणि मग कडी लावतात.